चार सारख्याच चाकूंपुढे: घडीच्या चाकूंच्या संमेलनाचा वृत्तांत

घडीच्या चाकूंची आवड असणाऱ्यांचे दोन दिवसांचे संमेलन होते आणि त्यात काही रचनाकार आपले बाजारात न आलेले नमुने हाताळायला ठेवणार होते, एवढ्याच कारणासाठी मी आधी विमानाने आणि मग रेल्वेने असा जवळजवळ एक दिवसाचा प्रवास केला. जाताना डोक्यात पात्याच्या पोलादाविषयीचे प्रश्न होते. परतताना वही चाळली, तेव्हा पोलादाविषयी जेमतेम अर्धे पान लिहिलेले आढळले आणि बाकीची अकरा पाने पाते मिटण्याविषयीच्या नोंदींनी भरलेली होती. पुढच्या संमेलनाला जाणाऱ्यांना ही अकरा पाने उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

प्रवासाविषयी आधी सांगून टाकतो. स्वतःचे चाकू सोबत नेणार असाल, तर ते विमानातल्या हातातील सामानात न ठेवता तपासणी करून सोपवायच्या सामानातच ठेवावेत आणि प्रत्येक चाकू मिटवून, कापडात घट्ट गुंडाळून, पिशवीच्या मध्यभागी ठेवावा, म्हणजे पिशवी उघडून तपासणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही. ज्या देशात संमेलन आहे, तिथे चाकू बाळगण्याचा कायदा काय आहे हे निघण्यापूर्वी वाचावे, कारण या बाबतीत देशोदेशीचे नियम अजिबात सारखे नाहीत. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगता येतो तो लॉक (उघडलेले पाते अडवून धरणारी योजना) नसलेला आणि 3 इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू सोबत बाळगण्यावर वेगळे निर्बंध आहेत. सभागृहात जे चालते ते सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर चालेलच असे नाही, म्हणून मुक्कामापासून सभागृहापर्यंतसुद्धा चाकू खिशात न ठेवता बंद पिशवीतच नेणे शहाणपणाचे ठरते. मी स्वतः एकही चाकू नेला नाही आणि त्यामुळे माझे काही अडले नाही.

जे नेले ते असे: दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी विजेरी, व्हर्निअर कॅलिपर, मऊ कापड, वही आणि जखमेवर लावायची चिकटपट्टी. यांपैकी सर्वांत स्वस्त वस्तूच सर्वाधिक कामी आली. रोज हातमोजे घालून काम करणाऱ्यांनी आपले हातमोजे अवश्य न्यावेत, कारण पाते उघडण्यासाठी असलेली, उघड्या अंगठ्याला सुबक वाटणारी खुंटी मोज्यातल्या अंगठ्याला सापडतही नाही, आणि ही गोष्ट रचनाकाराला त्याच्या कामाच्या टेबलावर कळण्याची शक्यता कमी असते. विजारही रोजच्या वापरातली, जाड कापडाची असावी. चाकू अडकवायची क्लिप खिशाला कशी बसते हे दुसऱ्याच्या खिशावरून कळत नाही.

सभागृहाचे दार उघडताच गर्दी वळली ती तयार चाकूंच्या टेबलांकडे. रंगवलेले टायटॅनियम, कार्बन फायबरच्या मुठी, आरशासारखी घासलेली पाती, सगळे काही तिथे होते. नमुने मागच्या भिंतीशी, साध्या करड्या कापडावर मांडलेले होते. काहींच्या मुठी त्रिमितीय छपाईच्या प्लास्टिकच्या होत्या, काहींच्या पात्यांवर यंत्रावर घासल्याच्या खुणा तशाच राहिलेल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येकावर काळ्या मार्करने क्रमांक टाकलेला होता. नमुन्यांकडे सकाळी सर्वांत आधी जावे आणि संध्याकाळी, आवराआवर सुरू होण्यापूर्वी, पुन्हा एकदा जावे असे मी आग्रहाने सांगेन. सकाळी नमुना रचनाकाराने जुळवून आणलेल्या स्थितीत असतो. संध्याकाळपर्यंत तो दोनशे अनोळखी हातांतून फिरलेला असतो, त्याचे स्क्रू सैलावलेले असतात, लॉकच्या जागी तेल आणि घाम साचलेला असतो, आणि त्यात जे बिघडलेले दिसते तेच रचनेचे दुबळे ठिकाण असण्याचा संभव मोठा असतो.

माझा बहुतेक वेळ एकाच टेबलापाशी गेला. तिथे एकाच आराखड्याचे चार चाकू होते. पाते सुमारे साडेआठ सेंटिमीटरचे, मूठ टायटॅनियमची, लॉक फ्रेम लॉकच्या पद्धतीचे, म्हणजे मुठीच्याच एका बाजूत पट्टी कापून ती आत वाकवलेली. पाते पूर्ण उघडले की ही पट्टी त्याच्या बुडख्यामागे येऊन बसते. उघडण्यासाठी पात्याला अंगठ्याची खुंटी होती. दिसायला चारांत मला काहीच फरक दिसेना. रचनाकाराने क्रमांक एकचा चाकू मिटलेलाच माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “उघडू नका. टोकाची बाजू खाली धरून नुसता एक हिसका द्या.” मी हिसका दिला आणि पाते बोटभर बाहेर आले.

हा सारा खेळ एका गोळीचा आहे. लॉकच्या पट्टीत साधारण दीड मिलिमीटर व्यासाची, पोलादाची किंवा सिरॅमिकची गोळी बसवलेली असते आणि पात्याच्या बुडख्यात तिच्यासाठी एक बारीक छिद्र पाडलेले असते. पाते मिटले की गोळी त्या छिद्रात उतरते आणि पात्याला आत धरून ठेवते. जाणकार तिला डिटेंट म्हणतात. छिद्राची जागा गोळीशी तंतोतंत जुळवायची नसते, ती केसभर पुढे ठेवायची असते, म्हणजे गोळी छिद्राच्या कडेवर टेकते आणि पाते सतत आत ओढले जाते. क्रमांक एकमध्ये हा केसभर फरक राहून गेला होता. असा चाकू खिशात उलटा झाला तर त्याचे टोक मुठीबाहेर येईल आणि त्यावर हात जाईपर्यंत मालकाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

क्रमांक दोन नेमका याच्या उलट टोकाला होता. खुंटीवर जोर देऊन अंगठा दुखला, तरी पाते हलेना. हलले तेव्हा एवढ्या झटक्याने सुटले की अंगठा खुंटीवरून घसरला. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझी चूक दाखवून दिली: मी चाकू घट्ट धरला होता आणि माझी मधली बोटे लॉकच्या पट्टीवरच दाबलेली होती, म्हणजे एका हाताने मी पाते सोडवत होतो आणि त्याच हाताने गोळी आणखी खोल रुतवत होतो. बोटे पट्टीवरून काढून मुठीच्या कडेला टेकवल्यावर निम्मा जोर पुरला. फ्रेम लॉकचा कोणताही चाकू “फार कडक आहे” असे मत देण्यापूर्वी आपली बोटे कुठे आहेत हे आधी पाहावे. हे साधे भान नसल्यामुळे चांगले नमुने नाहक नापास होत असणार, अशी मला शंका आहे. (मात्र बोटे पट्टीपासून दूर ठेवण्यासाठी हात मुद्दाम आखडावा लागत असेल, तर तो दोष चाकूचा मानावा.)

क्रमांक तीन उत्तम होता, आणि उत्तम वस्तूविषयी लिहिण्यासारखे थोडेच असते. पाते ज्यावर फिरते त्या आसाच्या दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझचे वॉशर होते, पाते उघडताना आणि मिटताना अंगठ्याच्या ताब्यात राहत होते आणि बुडख्याजवळचा सुमारे एक सेंटिमीटरचा भाग धार न लावता सोडलेला होता.

क्रमांक चारमध्ये वॉशरच्या जागी बेअरिंग होते. धारही वाढवून थेट बुडख्यापर्यंत आणलेली होती, कारण तेवढ्याच लांबीच्या चाकूत कापण्याची लांबी वाढावी असा रचनाकाराचा विचार होता. दोन्ही बदल स्वतंत्रपणे पाहिले तर समर्थनीय आहेत. परंतु फ्रेम लॉक मिटताना अंगठा पट्टी बाजूला सारतो, म्हणजे त्या क्षणी तो पात्याच्या वाटेतच असतो. वॉशरवर फिरणारे पाते घर्षणामुळे सावकाश येते आणि अंगठ्यावर टेकते तो भाग बोथट असतो, म्हणून कोणाला काही होत नाही. बेअरिंगवरचे पाते लॉक सुटताच स्वतःच्या वजनाने खाली येते, आणि इथे तर बोथट भागच उरला नव्हता. चिकटपट्टी लागली ती या वेळी. जखम उथळ होती, चूक माझीही होती, कारण अनोळखी चाकू पहिल्यांदा मिटताना दुसऱ्या हाताने पात्याची पाठ धरून तो सावकाश मिटवावा हा नियम मला ठाऊक होता आणि तीन चाकू पाहून झाल्यावर मी तो विसरलो होतो.

अंगठा बांधून मी पुढच्या टेबलांवर गेलो. एका ठिकाणी आडव्या दांडीच्या लॉकचे दोन नमुने होते. हे लॉक बेंचमेडने 1998 मध्ये ॲक्सिस या नावाने आणले आणि पेटंटची मुदत संपल्यावर आता अनेकजण ते बनवत आहेत. यात अंगठा पात्याच्या वाटेत येत नाही आणि दोन्ही हातांना ते सारखेच चालते, त्यामुळे माझा डावखुरा सहप्रवासी तिथून हलायला तयार नव्हता. दांडी ओढून धरणाऱ्या बारीक स्प्रिंगा दोन असतात. त्यांतली एक तुटली तरी दुसरीवर काम चालते, पण तुटतात हे खरे आहे, म्हणून त्या बदलायला किती सोप्या आहेत हे रचनाकाराला विचारावे. शेजारीच लाकडी मुठीचा, फिरत्या कड्याने लॉक होणारा एक नमुना होता; ओपिनेलने 1955 मध्ये रूढ केलेल्या कड्याचीच ती आवृत्ती होती. कडे आपल्या जागी फिरत होते, पाते हलत नव्हते, यापलीकडे त्यावर मला काही सुचले नाही.

पोलादाविषयीचे अर्धे पान आता सांगतो. नमुन्याचे पाते हे शेवटच्या पोलादाचे असेलच असे नाही, आणि त्याला पाणी दिलेले असेलच असेही नाही, म्हणून धारेविषयी मत बनवण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी विचाराव्यात. एका टेबलावर मॅग्नाकटच्या पात्यांचे नमुने होते. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी आखलेले आणि 2021 मध्ये आलेले हे पोलाद आहे. त्यात क्रोमियम सुमारे 10.7 टक्के, म्हणजे डी2 या जुन्या पोलादातल्या 12 टक्क्यांपेक्षा कमी असूनही ते गंजाला कितीतरी अधिक प्रतिकार करते, कारण डी2 मधले बरेचसे क्रोमियम कार्बनशी जोडले जाऊन कार्बाइडांच्या कठीण कणांत अडकते, तर मॅग्नाकटमध्ये ते पोलादात विरघळलेले राहते. हे वाचायला रंजक आहे. पण धारेच्या लगेच वरची जाडी मी कॅलिपरने मोजली तेव्हा एका नमुन्यात ती पाऊण मिलिमीटरहून अधिक भरली, आणि एवढ्या जाड पात्याला कोणते पोलाद आहे याने कापण्यात फारसा फरक पडणार नाही. कॅलिपर लावण्यापूर्वी परवानगी मागितली होती, हेही नोंदवतो.

परवानगीचा विषय निघालाच आहे, तर शिष्टाचाराविषयी थोडेसे. चाकू उचलण्यापूर्वी विचारावे, परत देताना मिटवून द्यावा, पात्यावर बोटांचे ठसे उमटले असतील तर पुसून द्यावा. छायाचित्र काढण्याची परवानगी प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी मागावी, कारण काही रचना अद्याप जाहीर व्हायच्या असतात. लॉकची मजबुती पाहण्यासाठी पात्याची पाठ टेबलावर आपटणारे लोक प्रत्येक संमेलनात भेटतात. त्यातून लॉकची परीक्षा होत नाही, नमुन्याचे नुकसान मात्र होते. त्याऐवजी पाते उघडून ते वर-खाली आणि मग आजूबाजूला हलवून पाहावे, आणि उजेडात लॉकची पट्टी बुडख्याच्या किती भागावर बसली आहे ते पाहावे. नवीन चाकूत ती अगदी पलीकडच्या काठापर्यंत पोहोचली असेल, तर झिजेसाठी जागा उरलेली नाही असे समजावे.

संध्याकाळी मी पुन्हा त्या चार चाकूंच्या टेबलापाशी गेलो. क्रमांक दोनचे लॉक आता चिकटत होते, म्हणजे मिटवण्यासाठी पट्टी ढकलताना ती बुडख्याला धरून बसत होती आणि कट् असा आवाज करून सुटत होती. टायटॅनियम पोलादावर घासले की ते असे चिकटू पाहते, आणि म्हणूनच अनेकजण पट्टीच्या टोकाला पोलादाचा वेगळा तुकडा बसवतात. या नमुन्यांत तो नव्हता. रचनाकाराने बुडख्यावर मार्करची शाई लावली, लॉक चारपाच वेळा उघडले-मिटवले आणि भिंगातून मला दाखवले: शाई एकाच कोपऱ्यात पुसली गेली होती, म्हणजे पट्टी पूर्ण टेकतच नव्हती. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मग त्यांनी क्रमांक चार उचलला, दुसऱ्या हाताने पाठ धरून पाते अर्धे मिटवले आणि मला बांधलेला अंगठा सकाळी होता तिथेच, पट्टीवर ठेवायला सांगितले. मी ठेवला. पाते चिकटपट्टीपासून थोडे वर थांबवून त्यांनी धारेवर, माझ्या अंगठ्याच्या दोन्ही कडांच्या समोर, मार्करने दोन रेघा ओढल्या आणि मधले अंतर मोजायला माझे कॅलिपर मागितले.