दुसरी चूल

तक्रारीच्या अर्जात तीनच गोष्टी होत्या. शेजारच्या घराच्या तळघरात दुसरं बिऱ्हाड राहतं. त्यांचं जाण्यायेण्याचं दार वेगळं आहे. आणि वरच्या आणि खालच्या मजल्यामधल्या दाराला कडी आहे.

ही तिसरी गोष्ट वाचून मी थांबले. दार वेगळं असल्याची तक्रार नेहमी येते. आतल्या दाराची कडी कोणी लिहीत नाही, कारण ती बाहेरून दिसत नाही. म्हणजे अर्ज करणारे गृहस्थ कधीतरी त्या घरात जाऊन आले होते.

ओहायोत, क्लीव्हलँडजवळच्या एका छोट्या उपनगराच्या नगरपालिकेत मी झोनिंग इन्स्पेक्टर आहे. झोनिंग म्हणजे गावाच्या कोणत्या भागात काय आणि किती बांधायचं, याचे नियम. आमच्या गावाचा बराचसा भाग 'आर-वन' आहे. एका प्लॉटवर एक घर आणि त्या घरात एक कुटुंब, एवढाच त्याचा अर्थ. समोर तीस फूट मोकळे सोडायचे, बाजूला पाच, उंची पस्तीस फुटांच्या वर न्यायची नाही. माझी बरीच कामं टेपची असतात: कुंपण किती उंच, शेड हद्दीपासून किती लांब, गाडीसाठी केलेला काँक्रीटचा पट्टा किती रुंद. या कामांत वाद झाला तरी टेप लावला की मिटतो. जड जातं ते 'एक कुटुंब' ठरवणं.

मराठीत भाऊ वेगळे झाले हे सांगताना आपण 'चूल वेगळी झाली' असं म्हणतो. ही नोकरी लागल्यावर नियमांचं पुस्तक पहिल्यांदा वाचताना मला हेच आठवलं होतं, कारण इथेही चूलच मोजतात. निवासी युनिट म्हणजे झोपायची, न्हाणीची आणि स्वयंपाकाची पूर्ण आणि स्वतंत्र सोय. घरात झोपायच्या खोल्या पाच असोत की सात, बाथरूम किती का असेनात, कोणी विचारत नाही. दुसरी शेगडी बसली की मात्र एका घराची दोन घरं झाल्याचा संशय येतो. म्हणून तळघरात उतरल्यावर आम्ही आधी भिंतीवर २४० व्होल्टचं सॉकेट आहे का ते बघतो. मायक्रोवेव्ह साध्या १२० व्होल्टवर चालतो, इलेक्ट्रिक शेगडीला मात्र मोठं सॉकेट लागतं. शेगडी लपवता येते, सॉकेट सहसा तिथेच राहतं.

सहा वर्षांपूर्वी अशीच एक तक्रार आली होती. मी गेले, सॉकेट पाहिलं, शेगडी पाहिली, परत येऊन तीस दिवसांची नोटीस काढली. मालकीणबाईंनी शेगडी काढली, सर्किट बंद करून घेतलं आणि फोटो पाठवला. मी फाइल बंद केली. पुढे काही महिन्यांनी कळलं की तळघरात त्यांचे वडील राहत होते आणि ते आता दुसऱ्या गावातल्या वृद्धाश्रमात आहेत. माझ्या नोटिशीमुळेच गेले का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात आहे. त्या घरातलं मधलं दार उघडं होतं की बंद, हे मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून या वेळी कडीचं वाचून मी थांबले.

मी त्या घरी गेले तो मे महिन्यातला मंगळवार होता. मालकाने नको म्हटलं असतं तर मला दारातूनच परत फिरावं लागलं असतं. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅमारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राहत्या घरात तपासणीला जायचं तर तिथे राहणाऱ्याची परवानगी हवी, नाहीतर वॉरंट. मी हे प्रत्येक दारात सांगते. घरमालकीण नर्स होत्या, रात्रपाळी करून आल्या होत्या, डोळे लाल झालेले. म्हणाल्या, "या आत. सगळं बघा. आईला फक्त आधी सांगते."

घर उतारावर बांधलेलं, त्यामुळे समोरून तळघर वाटणारा मजला मागच्या बाजूने जमिनीच्या पातळीवर उघडत होता. आधी मी बाहेरून फिरले. पत्रपेटी एक. विजेचा मीटर एक, गॅसचाही एकच. मागच्या दारावर नंबर नाही, घंटा नाही. दाराबाहेर मात्र एक पायरी कमी करून लाकडी उतार केलेला होता. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसासाठी.

आतमध्ये शेगडी होती. चार बर्नर, खाली ओव्हन, मागे मोठं सॉकेट. सिंक होतं, फ्रिज होता. अर्जातली पहिली गोष्ट खरी वाटत होती. आजीबाई खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, वॉकर हाताशी. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी टेप काढला तेव्हा फक्त त्याच्याकडे बघत राहिल्या.

मग मी खुर्च्या मोजल्या. का, ते त्या क्षणी मलाही सांगता आलं नसतं. खालच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या. घरात माणसं पाच: आजी, मुलगी, जावई, दोन नातवंडं. फ्रिजवर दोन्ही मुलांच्या शाळेचं वेळापत्रक लावलेलं. धुलाईयंत्र खालीच, आणि त्यावर सगळ्यांच्या कपड्यांचा एकच ढीग. वर गेले तर वरच्या स्वयंपाकघरात जेवायचं टेबलच नव्हतं. तिथे मुलाचं अभ्यासाचं टेबल आणि बाईंच्या युनिफॉर्मची इस्त्री. "रात्री सगळे खालीच जेवतो," त्या म्हणाल्या. "माझी पाळी असते तेव्हा आईच करते."

राहिलं मधलं दार. तेरा पायऱ्या चढून वर आले. दाराच्या मुठीला कुलूप नव्हतं, किल्लीचं भोकही नव्हतं. क्षणभर वाटलं, तक्रारदारांचा गैरसमज झाला असेल. मग वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या बाजूने, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एक छोटी सरकती कडी होती. टेप लावला. जमिनीपासून बासष्ट इंच.

भाडेकरूच्या दाराला कोणी बासष्ट इंचांवर कडी लावत नाही. ती हाताच्या उंचीवर असते, बहुतेक वेळा किल्लीची असते, आणि भाडेकरूला आपल्या बाजूनेही एक हवी असते. मी ती सरकवून पाहिली. सरकेना. अंगठ्याने जोर लावला तरी हलली नाही. पांढऱ्या रंगाचे दोन-तीन हात तिच्यावरून फिरले होते आणि दांडा खाचेत चिकटून बसला होता, उघड्या बाजूला. ही कडी कित्येक वर्षांत लागलेली नव्हती. लावू म्हटलं तरी लागली नसती.

"मोठा दीड वर्षाचा होता तेव्हा नवऱ्याने बसवली," बाई म्हणाल्या. "जिन्यावरून पडेल म्हणून." मोठा आता अकरा वर्षांचा आहे.

मी कडीचे चार फोटो काढले. एका फोटोत टेप धरायला बाईंनीच हात लावला.

ऑफिसात आल्यावर व्याख्या पुन्हा वाचली. 'पूर्ण आणि स्वतंत्र.' सहा वर्षांपूर्वी मी यातला 'पूर्ण' हा एकच शब्द वाचला होता. सोय पूर्ण होती, यात शंका नाही. पण जिथे मधलं दार बंदच होत नाही, मीटर एक आहे, सगळ्यांचं जेवण एका टेबलावर होतं, तिथे खालची सोय वरच्यापासून स्वतंत्र कशी? मी निर्णय लिहिला: हे एकच युनिट आहे. दोन अटी घातल्या. कडी काढायची, आणि खालचा मजला वेगळा भाड्याने देणार नाही, वेगळा मीटर घेणार नाही, असं प्रतिज्ञापत्र काउंटीच्या नोंदणी कार्यालयात घराच्या कागदपत्रांत नोंदवायचं.

शेजाऱ्यांनी त्या निर्णयावर झोनिंग अपील मंडळाकडे अपील केलं. तो त्यांचा हक्कच आहे.

सुनावणी संध्याकाळी होती. शेजारी उभे राहिले, साठीच्या पुढचे, हातात कागद नव्हता. ते जे बोलले त्यातला एकही शब्द मला चुकीचा वाटला नाही. म्हणाले, "ही माणसं चांगली आहेत. मोठ्या मुलाच्या वाढदिवसाला मी त्यांच्या घरी गेलो होतो, ती कडी मी तेव्हाच पाहिली. माझं भांडण त्यांच्याशी नाही. पण उद्या ते घर विकतील. पुढचा मालक खाली भाडेकरू ठेवेल आणि सांगेल की शेगडी आधीपासूनच आहे, नगरपालिकेनेच चालवून घेतली." असं होतं. मी स्वतः तशी घरं पाहिली आहेत.

मग मंडळातल्या एका सदस्यांनी नगरपालिकेच्या वकिलांना विचारलं, कुटुंब कोणाला म्हणायचं हे ठरवायचा आपल्याला अधिकार आहे ना? वकिलांनी दोन खटले सांगितले. १९७४ चा बेल टेअरचा: न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या एका गावाने नात्याबाहेरच्या दोनपेक्षा जास्त माणसांनी एका घरात राहू नये असा नियम केला होता, सहा विद्यार्थी एकत्र राहत होते, आणि न्यायालयाने गावाची बाजू घेतली. दुसरा १९७७ चा, आमच्याच भागातला, ईस्ट क्लीव्हलँडचा. आयनेझ मूर नावाची आजी एक मुलगा आणि दोन नातवांबरोबर राहत होती. नातू दोन वेगळ्या मुलांचे, म्हणजे एकमेकांचे चुलतभाऊ. त्यातल्या एकाची आई वारली म्हणून तो आजीकडे आला होता. गावाच्या व्याख्येत हे कुटुंब बसत नव्हतं. आजीला २५ डॉलर दंड आणि पाच दिवसांची कैद सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम रद्द केला.

ही गोष्ट मला माहीत होती. तरीही त्या खोलीत, पाच-सात मैलांवरच्या गावाचं नाव ऐकताना, माझं लक्ष मागच्या रांगेत वॉकर धरून बसलेल्या आजीबाईंकडे गेलं.

इथे मला एक सांगायलाच हवं. मी ज्या नियमाची अंमलबजावणी करते त्याचा इतिहास स्वच्छ नाही. वर्णावरून वस्त्या वाटणारे झोनिंग १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिलच्या खटल्यात रद्द केलं. त्यानंतर मोठे प्लॉट आणि 'एकच कुटुंब' या अटींनी अनेक गावांत तेच काम केलं, वर्णाचा उल्लेखही न करता. झोनिंगला कायदेशीर ठरवणारा खटला, १९२६ चा युक्लिडचा, हाही आमच्या शेजारच्याच गावातला. त्या निकालात घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क बांडगुळाची उपमा दिली आहे. मिनियापोलिसने २०१८ मध्ये आणि ओरेगॉनने २०१९ मध्ये 'एकाच कुटुंबाचं घर' ही सक्ती सैल करायला सुरुवात केली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आमच्या गावात ती आहे. आहे तोवर ती नीट वाचणं माझं काम आहे, आणि एकदा मी ते नीट केलं नव्हतं.

मंडळाने मला एकच प्रश्न विचारला. "कुटुंब एकच आहे हे आम्हाला मान्य. पण एकाच कुटुंबाची दोन युनिटं होऊ शकतात की नाही?"

"होऊ शकतात," मी म्हटलं. "दोन भाऊ, दोन मीटर, मधलं दार दोन्हीकडून बंद, तर ती दोन. तसं असतं तर मी नोटीस काढली असती." मग कडीचे फोटो दाखवले. रंगात अडकलेला दांडा पडद्यावर मोठा दिसत होता. एका सदस्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः सरकवून पाहिलीत?" मी हो म्हटलं. त्यावर पुढे कोणी काही विचारलं नाही.

चार विरुद्ध एक मतांनी माझा निर्णय कायम राहिला.

पार्किंगमध्ये शेजारी माझ्या गाडीपाशी थांबले. रागावले नव्हते. "पुढचा मालक येईल तेव्हा तुम्ही बघायला याल?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की प्रतिज्ञापत्र नोंदणी कार्यालयात राहील, घर घेणाऱ्याला ते दिसेलच, आणि तुम्ही पुन्हा तक्रार केलीत तर माझ्या जागी जो असेल त्याला यावंच लागेल. त्यांनी मान हलवली. समाधान झालं असं मला वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी मी फेरतपासणीला गेले. अकरा वर्षांच्या मुलाने स्वतः स्क्रूड्रायव्हरने कडी काढली होती. कडीबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले होते आणि खाली आधीचा फिकट पिवळा रंग उघडा पडला होता. बाईंनी विचारलं, भोकं पुट्टीने बुजवायची का? नियमात तसं काही नव्हतं. मी नको म्हटलं, आधी फोटो काढू द्या.

त्या फोटोत दाराच्या चौकटीवर सहा भोकं आहेत, खाली टेप धरलेला, आणि दार सताड उघडं. जिन्याच्या तळाशी टेबलाचा एक कोपरा दिसतो. फाइल बंद करताना तोच फोटो मी सगळ्यात वर लावला. मग कपाटातून सहा वर्षांपूर्वीची ती फाइल काढली आणि मालकीणबाईंचा नंबर शोधून फोन लावला.