घोटी पट्ट्यात सर्रा हा गुरांचा आजार समजून घ्यायला जाताय? मग हे वाचा

पावसाचा जोर ओसरला की नाशिकहून घोटीकडे जरूर जा, पण भल्या पहाटे नको. आम्ही मुद्दाम उन्हं वर आल्यावर वाडीवऱ्हे ओलांडलं, कारण सर्रा पसरवणारी टॅबॅनस माशी दिवसाउजेडी, उघड्यावर चावते. तिन्हीसांजेच्या धुरीने डास हटतात, पण हिचं काम तोवर उरकलेलं असतं.

भातखाचराच्या बांधावर डांगी गुरं चरत होती. एका बैलाच्या मांडीवर ती बसली, चांगली टपोरी. त्याने शेपूट हाणली तशी उडाली आणि लगेच शेजारच्या गाईच्या पोटाखाली शिरली. बैलाच्या मांडीवर रक्ताचा थेंब ओघळतच होता. सगळी गोम इथे आहे! अर्धवट राहिलेलं पोट ती दुसऱ्या जनावरावर भरते आणि तोंडाला लागलेल्या रक्तातून ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा परजीवी तिकडे पोचवते. तिच्या अंगात तो वाढत नाही, तोंडावरही थोडाच वेळ टिकतो. म्हणून आजारी जनावर लांब बांधलं तरी बराच आळा बसतो. एकच सुई सगळ्या गुरांना टोचली, तर मात्र माशीचं काम आपणच करतो.

ताप येतो-जातो, जनावर खंगत जातं, कधी गोल गोल फिरतं. रक्त ताप चढलेला असतानाच तपासायला द्या, एरवी काचपट्टीवर परजीवी सापडेलच असं नाही. औषधाची मात्रा वजनावर ठरते. ती डॉक्टरांनाच ठरवू द्या, कमी पडली तर परजीवी औषधाला जुमानत नाही.

माणसाला भीती फार थोडी, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन या परजीवीला मारतं. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ही लागण झाली. त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. तेव्हा हाताला जखम असेल तर आजारी गुराच्या रक्ताला हात लावू नका.

सोबत गमबूट, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि थर्मामीटर हवाच. मालकाला विचारूनच गोठ्यात शिरा, निघताना बूट धुवा. एका दादांनी भिंतीच्या भेगेत काडी फिरवून गोचिडं बाहेर काढून दाखवली. थायलेरिया हा गुरांचा दुसरा आजार पसरवणारी गोचिडं अशाच फटींत दडतात आणि संकरित गाई त्याने पटकन आडव्या होतात. नुसती गाय फवारून भागत नाही, भेगाही लिंपाव्या लागतात. वाटेत एखादं जनावर तापलेलं दिसलं, तर मालकाला १९६२ हा टोल फ्री नंबर लावून द्या, पशुवैद्यकीय मदत मिळते.