टेस्टिंगला भात नव्हता

जुलैमधली गोष्ट. ठाण्यातल्या एका नव्या मालवणी हॉटेलने आम्हा खाण्यावर लिहिणाऱ्यांना टेस्टिंगला बोलावलं होतं. सोबत कुणाला तरी आणा, असंही कळवलं होतं, म्हणून मी वेंगुर्ल्याच्या मैत्रिणीला घेऊन गेले. ती बँकेत नोकरी करते. खाण्यावर तिने आजवर एक ओळ लिहिलेली नाही, पण तिच्यासोबत मासळीबाजारात एकदा जरी गेलात तरी तुम्ही तिच्याशी वाद घालणार नाही.

टेस्टिंगमध्ये पदार्थ आला की आधी त्याचे फोटो. एकजण खुर्चीवर चढतो, दुसरा मोबाइलचा टॉर्च धरतो, आणि तोवर ताटलीतलं सगळं निवून जातं. मग दोन घास, शेफची दोन वाक्यं, की पुढचा पदार्थ हजर. इथे तर कालवणंसुद्धा काचेच्या इवल्या पेल्यांतून आली. बांगड्याच्या तिखल्याचा पेला आला तेव्हा टेबलावर वाहवा झाली. खरंच झणझणीत होतं. तिरफळं अख्खीच होती. शेजारच्या मुलाने एक चावलं आणि पुढची पाच मिनिटं तो जिभेवरून बोट फिरवत बसला. तिरफळ चावायचं नसतं, ताटाच्या कडेला सारायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिरफळ हे सेचवान मिरीच्या कुळातलं. जीभ बधिर करणं हा त्याचा धर्मच.

मैत्रिणीने शेफला शांतपणे विचारलं, "बांगडो खंयचो?" प्रश्न साधा नव्हता. १ जूनपासून आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. शेफ मूळचा सावंतवाडीकडचा निघाला. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, की बांगडा मेमध्ये घेऊन गोठवलेला आहे आणि सुरमई पूर्व किनाऱ्यावरची. तिकडची बंदी १४ जूनला संपते, म्हणून जुलैत तिकडचा माल येतो. मला हे उत्तर आवडलं. मेनूवर मात्र 'ताजी सुरमई' असंच छापलं होतं.

त्यानंतर काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं. त्याला कुणी फारसं विचारलं नाही. काळपट, मवाळ, फोटोत तर चिखलासारखं. माझ्याही वहीत त्याच्यापुढे एकच शब्द होता : 'ठीक'.

मैत्रिणीने पेला खाली ठेवला. "आणि भात खंय आसा?"

वाढणारा मुलगा गोंधळला. टेस्टिंगसाठी भात लावलाच नव्हता! शेफ म्हणाला, "ताई, थांबाल का थोडं?" ती थांबली. बाकीची मंडळी तोवर मोदकांच्या फोटोंकडे वळली होती. वीसेक मिनिटांनी भात आला, तोही उकड्या तांदळाचा. हा कामगारांच्या जेवणासाठी आणलेल्या तांदळातला, असं शेफने हसत सांगितलं.

आम्ही दोघींनी एका बाजूला तिखलं घेतलं, दुसऱ्या बाजूला सांबारं. तिखल्याचे पहिले दोन घास उत्तम गेले. चौथ्या-पाचव्या घासाला मीठ टोचायला लागलं, आंबट वर आलं आणि बांगड्याची चव कुठल्या कुठे गेली. पेल्यातल्या एका घोटासाठी बांधलेली चव होती ती. सांबाऱ्याचं नेमकं उलट झालं. भातात मुरल्यावर भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप बोलू लागलं, वाटाणा मऊ होता तरी अख्खा होता, आणि मी तिसऱ्यांदा भात घेतला. मैत्रिणीने तर चमचा बाजूला ठेवून हातानेच जेवायला सुरुवात केली.

इतकी वर्षं मी हे काम करते, पण दोन घासांवर कालवणाचा निकाल लावताना मला कधी अडखळायला झालं नव्हतं. कालवण हा भाताबरोबर पोटभर जेवायचा पदार्थ आहे. घोटभर चाखून त्याचा तिखटपणा कळतो, तो जेववतो का ते कळत नाही. आणि टेस्टिंगला बोलावणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून पेल्यातलं सगळं थोडं जास्तच भडक केलेलं असतं. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही; दुकानाची पाटीही मोठ्या अक्षरांतच लिहितात.

लेखात मी सांबारं सगळ्यात वर ठेवलं आणि तिखलं भाताबरोबर जड जातं, असं स्पष्ट लिहिलं. हॉटेलच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. तिला तक्रार करायची नव्हती, फक्त पेल्यांचे फोटो का नाहीत ते विचारायचं होतं. माझ्याकडे फोटो दोनच होते, आणि दोन्हीत उष्टी ताटं.