कोलवेझीत कॅमेरा: कागदाला किंमत शून्य

काँगोतल्या कोलवेझीत, बॅटऱ्यांत लागणाऱ्या कोबाल्टच्या खाणींचे फोटो काढायला राजधानी किन्शासाचं परवानगीचं पत्र असलं की काम झालं, असं मला तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तिघांनाही साष्टांग नमस्कार. लुबुंबाशी ते कोलवेझी साधारण ३०० किलोमीटर, रस्ता डांबरी, डुलकीसुद्धा लागते. पुढचा प्रवास मात्र या टेबलावरून त्या टेबलावर. पत्र प्रत्येकाने उलटसुलट वाचलं आणि विचारलं, "हे वरचं झालं, आमचं कुठाय?" चारातले दोन दिवस तिथेच गेले. चहापाण्याला इथे 'सुक्रे' म्हणतात, म्हणजे थंड पेय. मी मोजले तेवढ्यात अख्खं वऱ्हाड सरबत प्यालं असतं! हसत हसत घासाघीस करा. आवाज चढला की भावही चढतो. डॉलर कोरे करकरीत न्या. नखाएवढी चीर पडलेली माझी शंभराची नोट कोणी घेईना, ती परत आली घरी.

कोलवेझीतल्या कासुलो वस्तीच्या नादी लागू नका. २०१४ साली तिथे घराच्या आवारात खणताना एकाला कोबाल्टचं खनिज लागलं आणि वस्तीने आपापली अंगणं, खोल्यांच्या जमिनी उकरल्या. आता भोवती भिंत आहे. भिंतीचे फोटो हवे असतील तर खुशाल जा.

त्यापेक्षा मुसोम्पोचा बाजार गाठा. जगातलं ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोचं. त्यातलं हातांनी खणलेलं इथे पोत्यांनी येतं. खरेदीदार पोत्याला पिस्तुलासारखं यंत्र टेकवतो, त्याला 'मेटोरेक्स' म्हणतात. पोत्यात कोबाल्ट किती टक्के, ते तो सांगेल तेच आणि त्यावर भाव. माझ्यासमोर एका पोरसवदा खणणाऱ्याने आकडा बघायला मान वाकडी केली, तर खरेदीदाराने यंत्र छातीशी ओढलं. तो फोटो माझ्याकडे नाही. मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो. हसू नका.

खनिज धुणाऱ्या बायका दिवसभर पाण्यात वाकलेल्या असतात. विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका. पोरांचे चेहरे तर नकोच. फोटो तुमचा, निस्तरणार ती. मी हात आणि पाय काढले, तेच बरे आलेत.

पावसात जाऊ नका, बोगदे तेव्हाच जास्त ढासळतात. ड्रोन घरी ठेवा. पीतज्वराच्या लशीचं कार्ड खिशात हवं. आणि कॅमेऱ्याच्या बॉड्या दोन न्या, तिथे उघड्यावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरचं वाटोळं. ती लाल धूळ बॅगेच्या चेनमधून अजून निघतेय.