काटा साठवर, गाडी जागच्या जागी

मनालीहून अटल बोगदा ओलांडून सिस्सूच्या बाजूला पहिला घट्ट बर्फ लागला की एमएच पासिंगच्या गाड्यांत एक दृश्य हमखास दिसतं. चालवणारा ॲक्सिलरेटर दाबतोय, काटा साठवर गेलाय आणि बाहेर उभा असलेला ओरडतोय, ‘अरे, हललीच नाही अजून!’ मीटर बिघडलेलं नसतं. रस्त्यावरचा वेग ते कधीच मोजत नाही. ते गिअरबॉक्समधून बाहेर पडणारे किंवा चाकांचे फेरे मोजतं आणि टायरच्या घेरानं गुणतं. कोरड्या रस्त्यावर उत्तर बरोबर येतं, बर्फावर नाही. उलटंही होतं: एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाडीत पुढची चाकं लॉक झाली की काटा शून्यावर येतो आणि गाडी आपली घसरतच असते. खरा वेग हवा असेल तर फोनच्या जीपीएसवर बघा.

साध्या डिफरेन्शियलमध्ये (म्हणजे डिफ, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) मीटरचा आकडा आणखी फसवा ठरतो. डिफ दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी राखतं. एक चाक घट्ट उभं आणि दुसरं बर्फावर फिरतंय, अशा वेळी फिरणाऱ्या चाकाचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो. गिअरबॉक्सवर सेन्सर असलेल्या गाडीत काटा ६० दाखवत असेल तर ते चाक १२०नं फिरतंय. डिफच्या पोटातल्या छोट्या पिनियनना (दातेरी चाकांना) बहुतेक गाड्यांत बेअरिंग नसतं. आडव्या पिनवर त्या नुसत्या उडालेल्या ऑइलच्या भरवशावर फिरतात. त्या वळणावर थोड्याशा फिराव्यात म्हणून बनवल्या आहेत, मिनिटभर अशा वेगानं नाही. पिन कोरडी पडते, घासते, चिकटते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत डिफ आणि गिअरबॉक्स यांचं ऑइल एकच असतं, त्यामुळे तिथला चुरा थेट गिअरच्या बेअरिंगांत जातो.

म्हणून काटा २५च्या वर जाऊ देऊ नका, आणि एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त चाक फिरवू नका. एवढ्यात गाडी निघाली नाही तर ती पायानं निघणार नाही. फावडं काढा, चाकापुढचा बर्फ खणा, खाली रबरी मॅट किंवा खडी टाका. मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा, चाकावर जोर कमी पडतो आणि ते कमी घसरतं. पुढे-मागे झुलवून काढायची असेल तर गिअर बदलण्याआधी चाक पूर्ण थांबलंच पाहिजे. ऑटोमॅटिकमध्ये चाक फिरत असताना डी-आर, डी-आर (पुढे-मागे) करणं म्हणजे गिअरबॉक्सचा खर्च हातानं ओढवून घेणं.

एक्सल बर्फात तुटत नाही, बर्फ संपतो तिथे तुटतो. जोरात फिरणारं चाक अचानक डांबरावर आलं की सगळा झटका सीव्ही जॉइंट (एक्सलचा वळणारा सांधा) आणि डिफच्या दातांवर जातो. त्यात स्टिअरिंग फुल लॉक असेल तर जॉइंट सगळ्यात कमकुवत कोनात असतो. पुढे काळा डांबरी पट्टा दिसला की आधी पाय उचला, चाक सरळ करा, मग जा. मुद्दाम गाडी घसरवायची हौस असेल तर ती सपाट, मोकळ्या, बंद जागेत आणि मालकाच्या परवानगीनं; मनालीजवळच्या सोलांगच्या रस्त्यावर नाही, तिथे खाली दरी आणि मागून टॅक्सी असते.

मुंबईच्या गाड्यांचा खास घोळ म्हणजे क्लच. सायन-पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये अर्धी झिजलेली क्लच प्लेट बर्फात घसरायला लागते आणि माणसाला वाटतं चाक फिरतंय. फरक मीटरवर दिसतो. आरपीएम आणि स्पीड दोन्ही एकदम वर गेले तर चाक घसरतंय. आरपीएम वर गेला, स्पीडचा काटा तिथेच राहिला आणि जळका वास आला तर क्लच. तेव्हा आणखी पाय देऊ नका, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या.

ऑटोमॅटिकमध्ये हीच उष्णता ऑइलमध्ये जाते आणि बहुतेक गाड्यांत तिच्यासाठी काटाच नसतो. बाहेर उणे पाच असलं तरी उभ्या गाडीत चाक फिरवत राहिलं की कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून पोचवणारा भाग) किंवा डीसीटीचा (दोन क्लचवाल्या गिअरबॉक्सचा) क्लच तापतो. इलेक्ट्रॉनिक कपलिंगवाल्या एडब्ल्यूडी (चारही चाकांना जोर देणाऱ्या) गाडीत ‘४डब्ल्यूडी’सारखा दिवा लुकलुकला तर ते कपलिंग तापलंय, इंजिन चालू ठेवून थांबा. थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत चाक फिरत असताना ४एच (चारही चाकांना जोर) टाकू नका, आणि कोरडा रस्ता आला की २एच (फक्त दोन चाकांना) करायला विसरू नका. ४एचमध्ये पुढचा-मागचा एक्सल जखडलेला असतो. कोरड्या डांबरावर वळताना दोघांतला फरक जिरायला जागा नसते, ताण गिअरांत साठतो आणि लीव्हर निघेनासा होतो. तसं झालंच तर सरळ थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो.

आता टेंपरेचरचा काटा. बाहेर गोठवणारी थंडी, हीटरमधून गार हवा आणि काटा मात्र लालकडे, हे चक्रावणारं वाटतं. मुंबईत कूलंट कमी झालं की नळाचं पाणी टाकायची सवय आहे. इथे चालून जातं, कारण इथे काही गोठत नाही. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधला गोठू न देणारा घटक), निम्मं पाणी असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत तग धरतं. ग्लायकॉल पाचव्या हिश्श्यावर आलं तर उणे आठाच्या आसपासच बर्फाचा चिखल होतो. रेडिएटरमध्ये चिखल झाला की पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. निघण्याआधी गॅरेजवाल्याकडून रिफ्रॅक्टोमीटरनं (कूलंट कितीला गोठेल ते दाखवणारं छोटं यंत्र) थेंबभर तपासून घ्या. जाळीवर बर्फ थापला गेला तरी काटा चढतो, तो हातानं झाडावा. उलट काटा मधोमध येतच नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय किंवा जुन्या कुठल्या तरी मिस्त्रीनं तो काढूनच टाकलाय. मुंबईच्या उकाड्यात ते कळत नाही, तिकडे पहिल्या सकाळी कळतं.

काटा मधोमध आला म्हणजे सगळं गरम झालं असंही नाही. तो पाण्याचा आहे. इंजिन ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, गिअर ऑइलला आणखी. सकाळी गिअर जड पडतो तो म्हणूनच. आधी पंधरा-वीस मिनिटं शांतपणे चालवा.

घसरताना ऑइलचा लाल दिवा चमकला तर बर्फाला दोष देऊ नका. बर्फावर टायरची पकड इतकी कमी असते की बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाव हिश्श्याच्या पुढे सहसा जात नाही. त्यानं ऑइल साधारण चौदा अंश कलतं, अगदी खड्या चढावर कलतं तेवढंच. एवढ्यात दिवा लागला तर बहुधा ऑइल मुळात कमी आहे. इंजिन बंद करा, सपाट जागी डिपस्टिक बघा, वरच्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर नको, फेस होतो. पेट्रोलचा काटाही असाच हलतो, पण उशिरानं, कारण तो मुद्दाम संथ केलेला असतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

टायरमधल्या हवेचा हिशेब मला सगळ्यात मजेशीर वाटतो. मुंबईत ३० अंशांत ३३ पीएसआय भरली. उणे १० अंशांत तीच हवा आक्रसून समुद्रसपाटीच्या हिशेबानं २७वर येते. पण सिस्सूसारख्या ३,००० मीटरच्या आसपासच्या जागी बाहेरच्या हवेचा दाबच जवळपास साडेचार पीएसआय कमी असतो, त्यामुळे साधा हातातला गेज ३१ दाखवतो. टीपीएमएसचा (टायरमधला दाब डॅशबोर्डवर दाखवणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर निरपेक्ष दाब मोजून समुद्रसपाटीचा दाब वजा करणारा असेल तर त्याच टायरला २७ दाखवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. हवा भरायची ती गेजवर, टायर थंड असताना, आणि खाली उतरल्यावर पुन्हा तपासायची.

पुढची चाकं फिरतायत आणि मागची उभी, असं जास्त वेळ चाललं की एबीएस किंवा ईएससीचा (गाडी घसरण्यापासून सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटून राहतो; कंट्रोल युनिटला वाटतं सेन्सरच खोटं सांगतोय. गाडी बंद-चालू करून थोडं सरळ चालवलं की बहुतेकदा जातो. नाहीच गेला तर चाकाजवळ सेन्सरवर बर्फ थिजलाय का, किंवा टायरवरच्या सैल चेननं त्याची वायर तोडलीय का, ते बघा. बर्फातून निघाल्यावर ६०-७०ला स्टिअरिंग थरथरलं तर घाईनं अलाइनमेंटला पळू नका. रिमच्या आतल्या बाजूला बर्फाचा गोळा चिकटून बॅलन्स बिघडलेला असतो. काठीनं खरवडा.

रात्री ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी ड्रमच्या आत शू गोठलेले सापडतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा.

परतल्यावर गाडी लिफ्टवर चढवा. सीव्ही जॉइंटचे रबरी बूट आमच्या खड्ड्यांनी आधीच चिरलेले असतात, बर्फाचे खडे ती चीर पूर्ण करतात. रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे दिसले की बूट फाटला. वळताना कटकट वाजू लागली तर जॉइंटही गेला. गिअर ऑइल काढताना आधी भरायचा नट उघडून बघा, मग खालचा. वरचा अडकलेला निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. खालच्या नटाच्या मॅग्नेटवर राखाडी लेप असेल तर ठीक, टोचणारे तुकडे असतील तर डिफ उघडावं लागेल. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांना जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लागतं, आणि दुकानदार ‘हे भारी आहे’ म्हणून जीएल-५ पुढे करतो. ते मागच्या डिफला चांगलं, पण काही जीएल-५ ऑइल गिअरबॉक्सच्या पितळी रिंगा खातात.