मावशी, घर कुणाच्या नावावर?

पहाटे पाचच्या सुमारास ससून डॉकच्या गेटाशी टॅक्सीवाल्यानं आम्हाला उतरवलं, काचा वर केल्या आणि सुसाट निघून गेला. पाहुणीला वासाचा त्रास होईल म्हणून मी पर्समध्ये रुमाल, लवंगा, काय काय घेऊन आले होते. तिनं एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "आमच्या बडा बाजारासारखं वाटतंय."

ती शिलाँगची, खासी जमातीतली. दोन वर्षांपूर्वी मेघालयात फिरताना मी आठवडाभर तिच्या घरी उतरले होते. तिथे मुलांना आईच्या कुळाचं नाव लागतं, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो आणि वडिलोपार्जित घर (हा शब्दच तिथे लंगडा पडतो), म्हणजे आईकडून आलेलं घर, सगळ्यात धाकट्या मुलीला मिळतं. अशा धाकटीला खासीत 'खड्दूह' म्हणतात. माझी मैत्रीण खड्दूह. मी तेव्हा भारावले होते, पण मुंबईकराचा ताठाही होताच. म्हटलं, तू ये तर खरी, आमच्या कोळणी दाखवते. मच्छिंद्रनाथ ज्या स्त्रीराज्यात अडकून पडले ते इथेच कुठेतरी असणार, अशी तुझी खात्री पटेल. यंदा जानेवारीत ती आली.

ससून डॉक १८७५ सालचा. धक्क्याला ट्रॉलर लागत होते, खलाशी टोपल्या वर फेकत होते, बर्फाचा चुरा चपलांखाली करकरत होता. समुद्रावरचा कारभार सगळा पुरुषांचा, पण मासळी धक्क्याला लागली की चित्र पालटतं. काष्ट्याच्या लुगड्यातली एक पोक्त कोळीण पापलेटाच्या ढिगाशी उभी होती. बोली लावताना ती फक्त हनुवटी उचलायची. लिलाव करणारा "मावशी, थोडं वाढवा" म्हणाला, तशी तिनं पाठ फिरवली आणि चालू लागली. चार पावलांत त्यानं हाक मारली. मी मैत्रिणीकडे असं पाहिलं, जणू मीच ते पापलेट जिंकलं होतं.

तिचं लक्ष भलतीकडेच होतं. शेडच्या कडेला पन्नासएक बायका उकिडव्या बसून कोळंबी सोलत होत्या, बर्फाच्या पाण्यात हात, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ज्याचा माल त्याच्याकडून सोललेल्या मालाच्या वजनावर पैसे. हे मी दाखवायचं ठरवलं नव्हतं. ती तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली.

चहा पिताना तिनं विचारलं, "तू सगळ्यांना मावशी का म्हणतेस?" सवय, दुसरं काय. मग तिनं मावशी म्हणजे आईची बहीण का, हे नीट विचारून घेतलं आणि फार खूश झाली. शिलाँगच्या बाजारात दुकानातल्या बाईला 'काँग' म्हणतात, म्हणजे ताई. आमच्या बाजारात मात्र आत्या कुणीच नाही, सगळ्या आईकडच्याच! हे माझ्या चाळीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

तिथून वरळी कोळीवाडा. गोलफादेवीला हात जोडून आम्ही बोळांत शिरलो. ऊन चढलं होतं, बांबूंवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं वाळत होते. तिला आईसाठी सुकी मासळी न्यायची होती. खासी लोक तिची 'तुंगताप' नावाची झणझणीत चटणी करतात. एका ओट्यावर भाव करता करता गप्पा रंगल्या. मावशींनी आपणहून सांगितलं, की नवरा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता, पण पैसा कधी त्याच्या हाती राहिला नाही. त्याला तंबाखूला पैसेसुद्धा त्याच द्यायच्या. मी हे मोठ्या फुशारकीनं हिंदीत करून सांगितलं. मैत्रिणीनं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारायला लावला: घर कुणाच्या नावावर?

"माज्या दोन पोरांच्या. पोरगी उरणला दिली ना गो."

मग त्याच पुढे म्हणाल्या, की बाजारातली बसायची जागा तेवढी बायकांची. सासूकडून त्यांना आली, त्यांच्याकडून सुनेला जाईल. आणि मुलीचा हक्क? कायदा आहे, ठाऊक आहे. "पोरीनं हक्कसोड लिवून दिला. भावांशी वाकडं कशाला?"

'हक्कसोड'चं भाषांतर करताना माझी जीभ अडखळली. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मापासून मुलाइतकीच वाटेकरी आहे. तरीही गिरगावातल्या आमच्या जागेसाठी मीसुद्धा तसल्याच कागदावर सही करून आले आहे. सहीनंतर भावानं श्रीखंड आणलं होतं. हे मी तिला वरळीच्या किल्ल्यावर, सी लिंककडे बघत सांगितलं. समोर बघत सांगणं सोपं गेलं.

तिनं सांत्वन वगैरे केलं नाही. उलट माझ्याच डोक्यातलं मेघालय खाली उतरवलं. आमच्याकडे बायकांचं राज्य नाही, म्हणाली. नाव आणि घर आईकडून येतं, शब्द मामाचा चालतो. गावच्या दोरबारात, म्हणजे पंचायतीत, परंपरेनं पुरुषच बसत आले. कोंबडी आरवली तर जग बुडेल, अशी म्हणच आहे. एवढं असून १९९० पासून शिलाँगमध्ये पुरुषांच्या हक्कांसाठी 'सिंगखोंग रिंपेई थिम्माई' ही संघटना आहे. आणि खड्दूह होणं म्हणजे तिजोरी मिळणं नव्हे. आईबापांचं म्हातारपण, कुळाचे विधी, अडलेल्या भावंडांना आसरा, सगळं तिच्याच माथी. बंगळूरची नोकरी तिनं याच घरापायी सोडली. ते घर विकायचं म्हटलं तरी ती एकटी विकू शकत नाही.

म्हणून 'मातृसत्ताक' हा शब्द मी हल्ली जपून वापरते. बहुतेक ठिकाणी खरा शब्द 'मातृवंशीय' हाच. सुमात्राचे मिनांगकाबाऊ हा जगातला सर्वांत मोठा मातृवंशीय समाज, आणि तो मुस्लिम आहे. तिथेही जमीन आणि म्हशीच्या शिंगांसारख्या छपरांची घरं बायकांकडे. तरुण पुरुष नशीब काढायला परगावी जातात, आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांसारखे. चीनमध्ये लुगू सरोवराकाठच्या मोसुओंमध्ये प्रियकर रात्री येतो, सकाळी आपल्या आईकडे परततो, आणि मुलं मामा वाढवतात. प्रत्यक्ष सत्तेच्या सर्वांत जवळ मला उत्तर अमेरिकेतले हौदेनोशोनी वाटतात: तिथे कुळाच्या माता सरदार निवडतात आणि नालायक निघाला तर उतरवतातही.

दुपारी माटुंग्याला इडली-कॉफी. गल्ल्यावरचे वयस्कर शेट्टी तुळुनाडूचे, म्हणजे मंगळूर-उडुपीकडचे, बंट समाजातले. खासी पाहुणी आहे म्हटल्यावर ते गल्ला पोराकडे सोपवून आमच्या टेबलाशीच येऊन बसले. त्यांच्यात पूर्वी अळियसंतान चालायचं, म्हणजे मामाची मिळकत भाच्याला. गोष्टही सांगितली: राजाच्या नव्या जहाजांसाठी भूतानं नरबळी मागितला, राणीनं आपले मुलगे द्यायला नकार दिला, बहिणीनं मात्र आपला मुलगा पुढे केला. भूत प्रसन्न झालं, मुलगा वाचला आणि तेव्हापासून वारसा भाच्याकडे. "१९५६ च्या कायद्यानंतर ते गेलं हळूहळू," शेट्टी म्हणाले. "हे हॉटेल मला मामानं दिलं. मी मुलाला देणार."

"आणि भाचा?" मी विचारलं.

"तो दुबईला आहे. खूप चांगला मुलगा." पुढे त्यांनी कॉफी आणखी हवी का विचारलं.

परतताना तिच्या आईचा फोन आला. पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलायचे आहेत, कधी येतेस? बोंबलांना तीन पिशव्या आणि वर माझी जुनी ओढणी गुंडाळूनही माझी खोली आठवडाभर घमघमत राहिली.

परवा तिचा मेसेज आला. वरळीच्या बोंबलांची तुंगताप केली, आईला खारट वाटली. मामा मात्र दोनदा मागून घेऊन जेवला.