साठ हर्ट्झचा कोमल गंधार

मला गिटार वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बेसमेंटमध्ये टेबलावर उघडा पडलेला अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, बघितला की येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि नाही म्हटलं की बायकोकडे बघून हसतो. माझं एक ठरलेलं उत्तर आहे. ज्या लिओ फेंडरने हा अँप काढला त्यालाही गिटार येत नव्हती, तो मूळचा हिशेबनीस आणि नंतर कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. यावर बायको म्हणते की त्याने निदान विकून पैसे तरी केले.

तर झालं असं, की इथे ओहायोत आमच्या मागच्या गल्लीत एका आजींच्या गॅरेज सेलला गेलो होतो शिडी बघायला, आणि पेंटच्या डब्यांखाली हा होता. फेंडर चँप. मधल्या आकाराच्या सूटकेसएवढा, काळं कव्हर कोपऱ्यात फाटलेलं, जाळीच्या कापडावर कसलेतरी तपकिरी डाग, मागून बघितलं तर जळमटं आणि मेलेली एक गांधीलमाशी. "माझ्या नवऱ्याचा होता, चालत नाही बहुतेक," आजी म्हणाल्या. ऐंशी डॉलर दिले. शिडी राहिलीच.

घरी आणून ट्रान्सफॉर्मरवरचा छापील नंबर वाचला. ६०६ म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर बनवणारी शूमाकर कंपनी, पुढचा ६ म्हणजे वर्ष आणि २३ म्हणजे आठवडा. समोरची काळी पट्टी साठच्या दशकातली, म्हणजे १९६६ चा जून. सीबीएस या रेडिओ-टीव्हीवाल्या कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली ती १९६५ च्या जानेवारीत, त्यामुळे हा 'सीबीएसच्या काळातला', आणि असं म्हणून नाकं मुरडणारे लोक असतात. मुरडू देत. सर्किट १९६४ चंच आहे, काचेचे तीनच व्हॉल्व्ह: एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि एक ५वाय३ रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा. पाच-सहा वॉट आणि आठ इंची स्पीकर. एवढंच.

फोनवर बाबांना दाखवलं. बाबा मिरजेत असतात. रेडिओ मेकॅनिक नव्हते, पण आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांच्या दुकानात त्यांची अर्धी संध्याकाळ जायची, त्यामुळे मत असतं. कॅमेरा चेसिसवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, नेल्या नेल्या म्हणाले, "आधी कंडेन्सर बघ की." कपॅसिटर नाही, कंडेन्सर, वीज साठवून ठेवणारा तो भाग. आणि प्लग लावून बघू नकोस, आधी सिरीजमध्ये बल्ब घाल.

तो जुगाड इथे लोक अगदी गंभीरपणे 'डिम बल्ब टेस्टर' म्हणून वापरतात. अँपच्या वाटेत एक साधा शंभर वॉटचा बल्ब, आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आपल्याकडे वायरमनच्या बोर्डावर हा असतो आणि कोणाला त्याचं कौतुक पण नसतं. आमचा बल्ब आधी चमकला, मग मंद झाला, लाल दिव्याचं भिंग लागलं, आणि अर्ध्या मिनिटाने तो वास आला. गरम व्हॉल्व्हवर जळणारी धूळ, थोडं मेण, थोडं जुनं लाकूड. आजोबांच्या मर्फी रेडिओचा वास. ओहायोच्या बेसमेंटमध्ये मी क्षणभर मिरजेच्या माजघरात उभा, बातम्या लागायच्या आधीचा.

आणि मग हम. घूंऽऽऽ असा, सगळा टेबल भरून.

आता हे जरा सांगावंच लागेल. इथली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० कंपनं, रेक्टिफायर ती दुप्पट करतो, म्हणून फिल्टरचे, म्हणजे वीज सपाट करणारे, कपॅसिटर वाळले की १२० चा हम येतो. आपल्याकडे वीज ५० ची, तिथे हाच हम १०० चा. म्हणजे ६ ला ५. मी कागदावर मांडलं आणि थांबलो. षड्जाच्या कंपनांना सहा भागिले पाचने गुणलं की कोमल गंधार! मिरजेचा फ्रीज षड्ज धरून बसला असेल तर अमेरिकेतला प्रत्येक फ्रीज, प्रत्येक ट्रान्सफॉर्मर, हा माझा अँप, सगळे कोमल गंधार लावून बसलेत. पंधरा वर्षं इथे राहून काहीतरी वरचं लागतंय असं जे वाटायचं ते हेच असेल का, असा एक फालतू विचार येऊन गेला.

दुरुस्तीचं काम तसं कंटाळवाणं असतं. साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही बसून राहतात, ते आधी रेझिस्टन्स लावून उतरवायचे, मग मीटरने बघायचं, मग परत बघायचं, आणि चालू असताना काही तपासायचं तर एक हात खिशात. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची लावली. वीजेच्या तारेतून चेसिसला जोडलेला एक कपॅसिटर जुन्या अँपांत असतो, तो फुटून शॉर्ट झाला की वाजवणाऱ्याच्या हातातल्या तारांत करंट येऊ शकतो, इथे त्याला डेथ कॅप म्हणतात. तोही काढला. फिल्टरचे तिन्ही कपॅसिटर एकाच अॅल्युमिनियमच्या डब्यात असतात, तो डबा जागेवरच ठेवला, शोभेला, आणि नवे आतून खाली लावले. कॅथोडवरचे २५ मायक्रोफॅरडचे बदलले. निळे जुने कपॅसिटर मात्र गळत नव्हते म्हणून हात नाही लावला. काही लोक दिसेल ते सगळं उपटून नवं घालतात, मला ते पटत नाही, मग नवाच अँप घ्या ना.

हम गेला. पण एक खरखर राहिली. व्हॉल्व्ह बदलून बघितला, पॉटमध्ये, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागात, क्लीनर मारला, चार संध्याकाळी गेल्या. शेवटी सापडलं, पॉटच्या मागे जी पितळी पट्टी असते त्यावर ग्राउंडच्या जोडाचा शिशाचा एक डाग वरून चकचकीत आणि आतून सुटलेला. डाग द्यायची माझी छोटी इस्तरी तिथे लावली की पितळ सगळी उष्णता पिऊन टाकायचं आणि शिसं नुसतं गोळा होऊन बसायचं. बाबा म्हणाले, "डाग धरला नाही रे, जाडी इस्तरी घे." जाडी घेतली. धरला.

मग शेजारच्या मुलाला गिटार घेऊन बोलावलं. व्हॉल्यूम तीनवर स्वच्छ, गोड. सातच्या पुढे गेला आणि आवाज फाटायला लागला, पण फाटतो कसा, कडा झिजल्यासारखा, प्रत्येक सुराच्या डोक्यावर वरच्या षड्जाची एक साय. पोरगं खूश. मला मात्र सतारमेकर गल्ली आठवली. मिरजेतले तंबोरे करणारे मूळचे शिकलगार, हत्यारं करणारे. पंढरपूरकडचे भोपळे उन्हात मांडलेले असायचे, आणि आत कोणीतरी तारांखालची घोडी घासत बसलेलं. जवारी काढणं म्हणजे तार घोडीला जराशी घासेल इतकीच, जास्त नाही कमी नाही, मग खाली दोरा सरकवून सूर उघडेपर्यंत. लहानपणी मला वाटायचं हा माणूस तंबोरा बिघडवतोय. साफ आवाज येत होता की आधी! त्याने मान वर न करता "ऐक" म्हटलं होतं एवढं आठवतंय, चेहरा आठवत नाही.

म्हणजे महिनाभर मी या अँपमधले नको असलेले आवाज काढून टाकत होतो आणि आता या एका आवाजासाठी पोराला म्हणतोय, अजून थोडं वाढव.

पोरगं गेल्यावर बाबांना फोन लावला. व्हॉल्यूम शून्यावर, अँप चालू. कान स्पीकरला लावला तर अगदी खाली तो अजून होता, थोडासा, कोमल गंधार, एवढा राहतोच. फोन जाळीच्या कापडाजवळ धरला आणि म्हटलं, ऐका.

बाबा बराच वेळ ऐकत होते.

"अरे काहीच येईना," म्हणाले, "चालू तरी केलायस का?"